टेकडीवरच्या बरण्या

९ जुलै, बुधवार

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. तळघराच्या पायऱ्यांवरून पडले, तेही हातात भरलेली बरणी धरून. बरणी फुटली नाही. हे मी सगळ्यांना सांगितलं, पण कौतुक कोणी केलं नाही.

डॉयलने मला उचलून टेकडीवर आणलं. "आई, हात बरा होईपर्यंत खाली एकटी राहायचं नाही." मुलगा म्हणून त्याचं बरोबरच आहे. पण हे घर त्याचं नाही, त्याच्या बायकोच्या आजोबांचं. मिस्टी टेकडीवरची. आम्ही खोऱ्यातली माणसं टेकडीवरच्यांना हसत आलो — वर फक्त दगड पिकतात आणि माणसं डब्यातलं खातात. आता मीच वर! हर्शेलला जाऊन सहा वर्षं झाली, नाहीतर बायकोची ही वरात बघून पोट धरून हसला असता.

सगळं खाली सोडून आले, पण बरण्यांचा कुकर आणला, भरलेल्या बरण्या वाफेच्या दाबाखाली शिजवायचा मोठा. डॉयल म्हणे, एवढं धूड कशाला? म्हटलं, माझे बटाटे अजून जमिनीत आहेत आणि होमकमिंग तोंडावर आलंय.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गाव सोडून गेलेले सगळे खालच्या चर्चला परत येतात. सिनसिनाटीहून, डेट्रॉइटहून, कुठून कुठून. ओकच्या झाडांखाली लांब टेबल लागतं. लग्न झाल्यापासून एक वर्ष असं गेलं नाही की त्या टेबलावर माझा निळा वाडगा नव्हता. वाडग्याच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर नाव: ऑर्फा. वाडगे अदलाबदल होऊ नयेत म्हणून सगळ्याच बायका पट्टी लावतात. माझा मात्र उलटून बघावा लागत नाही. आतले बटाटेच सांगतात.

यंदा ऑर्फाचा वाडगा नाही, असं कोणी म्हणायचं नाही. प्लॅस्टर असो नाहीतर काही असो.

१० जुलै, गुरुवार

मिस्टीने जेवायला बटाटे वाढले. पत्र्याच्या डब्यातले. दुकानातले! चव भिजलेल्या पुठ्ठ्याची. खाल्ले. डॉयल माझ्याकडे बघतच नव्हता.

१२ जुलै, शनिवार

डॉयलने खालची बाग खणून बटाटे आणले. अंड्याएवढे, पातळ सालीचे, मातीचा वास येणारे. बघून मनगटाचं दुखणं विसरले. मिस्टी टोपली घेऊन फ्रीजकडे निघाली — ओरडलेच! "गारठलेला बटाटा बरणीत काळा पडतो!" तिने टोपली मुकाट्याने पडवीत ठेवली.

मग तिला बसवून सगळं समजावलं. मी खुर्चीत बसणार. हात तिचे, डोकं माझं. वृद्धाश्रमात दिवसभर म्हातारी माणसं उचलते, तिला बटाटे काय जड आहेत! कुकरच्या वजनाचंही सांगितलं. वाफेच्या नळीवर ठेवायचं ते वजन तीन भागांचं. मधला तुकडा पाच पौंड दाबाचा. त्यावर एक कडी चढवली की दहा. दुसरी चढवली की पंधरा. आपण दहावर करतो. दुसरी कडी मी उभ्या जन्मात वापरली नाही. नवा कुकर घरात आला त्याच दिवशी हर्शेलने ती उचलून ट्रकच्या चाव्यांना लावली आणि खिळ्याने तिच्यावर आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. ट्रक आता डॉयल चालवतो, पण चाव्या माझ्या पर्समध्ये असतात.

मिस्टी म्हणाली, "आई, पण इथे वर आपण जरा—"

म्हटलं, "मिस्टी, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी बरण्या भरतेय."

"पाळण्यात नाही आई, माझा जन्मच झाला नव्हता." आणि हसली. खाली मुंडी पाताळ धुंडी!

१३ जुलै, रविवार

चर्चला निघताना चाव्या काढल्या, तर लाल फितीत बांधलेल्या! हर्शेलची कडी गायब. मिस्टीला विचारलं. "हरवली नाही, आई. घरातच आहे. खरंच." घरातच आहे म्हणजे कुठे? तर लगेच भांडी घासायला वळली.

चाळीस वर्षं ती कडी त्याच्या खिशात वाजायची. तो दारात यायच्या आधी तिचा आवाज यायचा. तो गेल्यावरही मी ती काढली नाही, आणि ही कालची पोर विचारल्याशिवाय काढते!

१४ जुलै, सोमवार

पहिली खेप! आणि काय खेप!!

मिस्टीला आज सुट्टी होती. सकाळीच सोलायला बसवलं. "एवढी कोवळी साल, राहू दे ना आई?" राहू दे काय! बटाटा मातीत वाढतो, मातीतलं सगळं सालीला धरून असतं. डोळेसुद्धा कोरून काढायला लावले. एक बटाटा तीनदा परत दिला. तिसऱ्यांदा म्हणते कशी, "आई, यात आता बटाटा उरलाच नाही. नुसतं तुमचं मत उरलंय." मला हसू आलं होतं, पण दाखवलं नाही.

उकळी आणली. ही ते गढूळ पाणीच बरण्यांत ओतायला निघाली! देवा! पिठाळ पाण्यात बटाटे म्हणजे धुणं भिजत घातल्यासारखं दिसतं. ताजं उकळतं पाणी घालायला लावलं, मीठ घालायला लावलं, गळ्यापाशी जागा सोडायला लावली, काठ पुसायला लावले. मग बरणीला झाकण, झाकणावर आट्यांचं कडं, आणि बरण्या कुकरमध्ये. वाफ मोकळी सोडली — शेगडीवर आगगाडी आल्यासारखी. त्यानंतर वजन ठेवायचं. ते मी ठेवणार होते, डावा हात आहे की! पण मिस्टी मध्ये आली. "नको आई, वाफेने भाजेल. वजन माझ्याकडे." आणि अशी पाठ करून उभी राहिली की मला शेगडीच दिसेना. चष्म्यावर वाफ धरली ती वेगळीच. बसले परत खुर्चीत. सगळा दिवस मी राबायचं आणि मानाचं काम हिने करायचं.

वजन डुलायला लागेपर्यंत जीव गेला. खाली माझ्या गॅसवर कसं भराभर व्हायचं. इथली विजेची शेगडी भिकार आहे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण हे अंगण खरंच वाकडं!

संध्याकाळी बरण्या टॉवेलवर मांडल्या. टक्. टक्. झाकणं एकेक करून आत बसत गेली. शेवटचं बसेपर्यंत मी जागची हलले नाही. आत पाणी स्वच्छ, बटाटे मोत्यासारखे. अशी खेप मला धडधाकट हातांनीही क्वचितच साधली असेल! डॉयल येऊन म्हणाला, "सुंदर! कोणाच्या ह्या? तुझ्या का मिस्टीच्या?"

काय प्रश्न तरी! माझ्या.

१९ जुलै, शनिवार

आणखी दोन खेपा. एक बरणी मुद्दाम फोडून चरबीत परतून बघितले. खालच्यापेक्षा किंचित मऊ. शेगडीचाच दोष. चव मात्र तीच! डॉयलने दोनदा मागून घेतले. दुकानातले डबे मिस्टीने स्वतःहून मागच्या फळीवर ढकलले. बघितलं मी.

वजन धुऊन पुसून ती वरच्या कपाटात ठेवते, तेही सगळ्यात आत. म्हटलं, सोन्याचं आहे का? तर म्हणे, "तुमचं आहे ना आई, जपून ठेवलेलं बरं." लाघवी आहे, पण कडीचं अजून सांगत नाही.

२७ जुलै, रविवार

चर्चला दोन बरण्या नेल्या. एक ब्रदर लोवेलना. पाद्र्यांना बटाट्याचं वेड! त्यांनी बरणी उजेडात धरली आणि म्हणाले, "ऑर्फाबाई, हे बटाटे आहेत का प्रार्थनेचं फळ?" दुसरी वॉनिटाला. माझी नणंद, हर्शेलची धाकटी बहीण. हिला द्यायचीच होती, म्हणजे तोंड बंद राहील. कसलं बंद राहतंय! "खुर्चीत बसून बरण्या भरता येतात होय? मग मी इतकी वर्षं उगीच उभी राहिले."

म्हटलं, "वॉनिटा, ज्याला येतं त्याला पडूनही येतं."

मिस्टी मागे उभी होती. खोकला आल्यासारखं करून हसली.

६ ऑगस्ट, बुधवार

शेवटची खेप झाली. कपाट भरलं. दार उघडून बघते, लावते, परत उघडते. आज किती वेळा केलं ते डॉयलने मोजलं म्हणे. मोजू दे!

१७ ऑगस्ट, रविवार

मिस्टी रोज सकाळी माझे केस विंचरते. मी कधी सांगितलं नव्हतं. कामावर जायच्या गडबडीतही मागे येऊन उभी राहते, हात हलका आहे. आज विंचरता विंचरता म्हणाली, "माझी आजी याच ओट्यावर घेवडा भरायची बरण्यांत."

"टेकडीवरची बाई, आणि बरण्या?"

"हो ना. फार सुंदर भरायची. होमकमिंगला खाली न्यायची. तिथल्या बायका तिचा वाडगा टेबलाच्या टोकाला ठेवायच्या, माशा असतात तिथे. पट्टीसुद्धा लावायची नाही आजी. म्हणायची, कोणी विचारणारच नाही, तर नाव कशाला लिहायचं?"

"आणि तू? तू लावतेस का पट्टी?"

"मी पाव विकत आणते, आई. पावाला कसली पट्टी!"

मी विषय बदलला. दिवसभर डोक्यातून गेला नाही तो.

२७ ऑगस्ट, बुधवार

 

आज चर्चच्या स्वयंपाकघरात रविवारसाठी साफसफाई होती. मी नेहमीसारखी सांगत होते, बटाटे माझ्याकडे, कोणी आणू नका, कपाटभर आहेत. वॉनिटा मोठं पातेलं पुसत होती. सहज म्हणाली, "वर राहायला गेल्यावर तुला पंधरावर करावे लागले असतील ना? वेळ लागतो फार, असं टेकडीवरची माझी मावसबहीण सांगते."

म्हटलं, "दहावर. नेहमी करते तसे."

वॉनिटाचा हात थांबला. एरवी हिला बोलायला निमित्त लागत नाही, पण आज टोमणासुद्धा मारला नाही. तेव्हाच मला कळलं की गोष्ट खरी आहे. हळू आवाजात म्हणाली, "अगं ऑर्फा, टेकडीवर हवा पातळ. पाणी लवकर उकळतं, पण तेवढं तापत नाही. वर दहा पुरत नाही. सगळ्या टेकडीला ठाऊक आहे."

सगळ्या टेकडीला! आणि मला? मला हर्शेलने सांगितलं होतं. आत्ता, तिथे उभ्या उभ्या आठवलं. चाव्यांना कडी लावताना म्हणाला होता — "ही डोंगरावरच्या लोकांसाठी. आपल्याला चाव्यांनाच बरी." मी हसले होते आणि विसरले होते. उभा जन्म नदीकाठी काढला, डोंगराशी आपला काय संबंध?

घरी येऊन कुकरबरोबरची माहितीपुस्तिका उघडली. तेच लिहिलंय. डॉयलला विचारलं, आपलं घर किती उंचावर? त्याने आकडा सांगितला. जेवढ्या उंचीपर्यंत दहावर चालतं, त्याच्या दुप्पट!

पुरेशी न तापलेल्या बरणीत जे विष तयार होतं, ते दिसत नाही. वास येत नाही. झाकणसुद्धा दरवेळी फुगत नाही. मी लहान असताना नदीपलीकडच्या एका घरात रविवारी जेवण झालं आणि गुरुवारी त्या अंगणात तीन शवपेट्या होत्या. आई आम्हाला हात धरून दाखवायला घेऊन गेली होती. म्हणून तर मी इतकी काटेकोर! म्हणून तर डोळेसुद्धा कोरायला लावते!

आणि मी रविवारी अख्ख्या गावाला वाढणार होते.

२८ ऑगस्ट, गुरुवार

मिस्टी कामाच्या प्रशिक्षणाला लुईव्हिलला गेलीय, शनिवारी रात्री येईल. डॉयल म्हणाला, तिला फोन करून विचारूया. खबरदार, म्हटलं! काय विचारायचं? "इथे वर आपण जरा—" एवढं बोलली होती बिचारी. पुढचं मी बोलू दिलं नाही. मग कशाला बोलेल परत? पण आम्ही तर कितीदा खाल्ले ते बटाटे! तीही खायची आमच्याबरोबर! हेच कळत नाही. पण पाच बरण्या चांगल्या निघाल्या म्हणून सहावी चांगली असं नसतं.

डॉयलला ट्रक काढायला लावला. ब्रदर लोवेलकडे गेलो. त्यांची बरणी फळीवर तशीच होती, रविवारसाठी राखून ठेवलेली. देवाची कृपा! म्हटलं, "परत द्या. माझं चुकलं." ते म्हणाले, "तुमचं?" म्हटलं, "हो, माझं, कारण विचारू नका," आणि लगेच कारणही सांगितलं. नाही सांगितलं तर उद्या दुसरी कोणी करेल.

वॉनिटाकडे गेले तर बरणी दारातच काढून ठेवलेली. तिने काही ऐकवलं नाही. चहा विचारला. मी टोमणा खायला तयार होऊन गेले होते. हा चहा जास्त लागला.

येताना वाटेत डॉयल म्हणाला, "आई, दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती." म्हटलं, दुसरी कोणी मी नाही. माझ्या हातचं खाऊन आजवर कोणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. बटाटे नसले तरी चालतील. ते नाव राहिलं पाहिजे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

प्लॅस्टर काढलं. हात वाळक्या फांदीसारखा निघाला, मूठ वळत नाही. डॉक्टर म्हणाला, हळूहळू येईल.

डॉयलने मांसाला धूर द्यायच्या धुरघराच्या मागे खोल खड्डा खणला. उद्या दुपारी सगळ्या बरण्या त्यात, न उघडता. कपाट रिकामं केलं, बरण्या पडवीत मांडल्या. उन्हात काय दिसतात! बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. इतक्या सुंदर बरण्या मी कधी भरल्या नव्हत्या.

कुकर वॉनिटाला द्यायचा ठरवलं. ती खोऱ्यात राहते, तिचं दहावर भागेल. निळा वाडगाही उद्या खाली नेऊन ठेवते. रविवारी विकतचा पाव.

३० ऑगस्ट, शनिवार

वॉनिटाला द्यायचा म्हणून कुकर पुसून बांधला. वजन राहिलं होतं. स्टुलावर चढून कपाटाच्या आतून काढलं. जूनपासून पहिल्यांदा माझ्या हातात आलं — जड लागलं. म्हटलं, हातच मेला दुबळा झालाय. खिडकीपाशी नेऊन बघितलं.

मधला तुकडा. त्यावर कडी. त्यावर दुसरी कडी, खिळ्याने कोरलेल्या अक्षराची.

चाव्या तेराला फितीत बांधलेल्या दिसल्या. पहिली खेप चौदाची. म्हणजे पहिल्या बरणीपासून! शेगडी भिकार नव्हती. बटाटे उगीच मऊ नव्हते. सगळा उन्हाळा माझे टोमणे ऐकले पोरीने, आणि दर खेपेला माझ्याकडे पाठ करून पंधरा चढवले. ओट्याला टेकून रडले मी. मग खिडकीतून डॉयलला ओरडून सांगितलं, खड्डा बुजव!

वॉनिटाला फोन केला. बटाटे येतायत, म्हटलं. कोणाचे म्हणून विचारू नकोस, उद्या वाडगा उलटून बघ. आणि तो टेबलाच्या मध्यावर असेल.

एवढं सगळं डाव्याच हाताने लिहिलंय. उजव्याने आज एकच शब्द लिहिला. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येतं. जुनी पट्टी नखाने खरवडून काढली, नवी लावली, त्यावर लिहिलं:

मिस्टी.